चूक कोणत्या बाजूची? तापलेल्या मापकांच्या प्रकल्प नोंदी

९ एप्रिल २०२४, पाडवा. सकाळी ८:३०, शेडमध्ये ३१ अंश

गुढी उभारून जळगावच्या शेडवर आलो आणि ही वही उघडली. दिवसभर इथे डाळमिलींचे, चटईच्या कारखान्यांचे, ठिबकच्या पाइप युनिटांचे गेज आणि ट्रान्समीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे बरोबर दाखवतात का ते तपासून जुळवायला येतात. संध्याकाळी आणि रविवारी मात्र टेबल तिघांचं: पारोळ्याची मुलगी, वरणगावचा मुलगा आणि नवापूरचा मुलगा. तिघंही इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेत.

प्रकल्पाचा विषय नवापूरच्या मुलाच्या प्रश्नातून निघाला. त्याच्या डोक्यात काक्रापार आहे, गुजरातमधलं अणुवीज केंद्र. नवापूर ओलांडून व्यारा लागलं की काक्रापार फार लांब नाही, आणि फेब्रुवारीत तिथल्या ७०० मेगावॅटच्या दोन नव्या संचांचं लोकार्पण झाल्यापासून त्याच्या घरात तीच चर्चा आहे. आपल्या भुसावळवरून जाणारं तापीचं पाणी उकाईत साठतं आणि पुढे काक्रापारच्या बंधाऱ्यावर पोचतं, त्यामुळे मलाही ते केंद्र परकं वाटत नाही. त्याने विचारलं, "नाना, मीटर बंद पडलं तर कळतं. चालू राहून चुकीचं दाखवत असेल तर कळणार कसं?"

तीस वर्षं या धंद्यात आहे. यापेक्षा मोठा प्रश्न मला माहीत नाही. ट्रान्समीटर आपलं मोजमाप तारेतून चार ते वीस मिलिअँपच्या प्रवाहात मीटरला पाठवतो, हा लूप. त्यात शून्य पातळीला चार मिलिअँप ठेवतात ते मुख्यतः यासाठी, की तार तुटली तर मीटर सरळ शून्यावर पडावं आणि गेलं हे कळावं. पण उष्णता सहसा तार तोडत नाही. ती आकडा जरासा सरकवते, आणि सरकलेला आकडाही खऱ्यासारखाच दिसतो.

ठरलं ते असं: एका टेबलावर तीन-चार प्रयोग मांडायचे, अणुवीज केंद्रांत उष्णतेने मापकं कशी फसली ते साध्या सामानात करून दाखवायचं, आणि प्रत्येक प्रयोगासमोर एकच गोष्ट लिहायची, चूक कोणत्या बाजूची. जास्त दाखवतं की कमी.

नियम: प्रत्येक रीडिंगसमोर वेळ आणि शेडचं तापमान. त्याशिवाय आकडा वहीत चढणार नाही.

१४ एप्रिल. सकाळी ७, २९ अंश

आधी आपली पट्टी सरळ आहे का ते बघायचं. आरटीडी तपासली, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा प्लॅटिनमचा मापक, पीटी-१०० जातीची. शून्य अंशाला १०० ओहम, तिथून पुढे अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढणारी.

बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरून बर्फ आणला, कापडात कुटला, थर्मासमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून त्यात भरला. वीस मिनिटांनी १००.०४. उकळत्या पाण्यात १३८.२ च्या जवळ, म्हणजे ९९ अंशांच्या थोडं वर. मुलांना वाटलं आरटीडी चुकली. चुकलेली नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं. वरणगावच्या मुलाने हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. बरं केलं.

दोन तारा आणि तीन तारांच्या जोडणीतला फरकही दाखवला. लांब तांब्याची तार स्वतः तापली की तिचा रोध वाढतो आणि दोन तारांच्या जोडणीत तो आरटीडीच्या खात्यात जमा होतो. तिसरी तार तो वजा करते. हे पुस्तकात आहे, लांबवत नाही.

२१ एप्रिल. दुपारी १२, ४१ अंश

आज मुख्य काम. रेफरन्स लेग.

बॉयलर असो की अणुभट्टी, आतल्या पाण्याची उंची बघायला काच लावून चालत नाही. दोन नळ्यांतल्या दाबाचा फरक मोजतात. एक नळी वरच्या बाजूने येते. तिच्या माथ्यावर कंडेन्सिंग पॉट असतो, वाफ तिथे थंड होऊन पाणी होते आणि ती नळी कायम भरलेली राहते. ही रेफरन्स लेग. दुसरी नळी भांड्याच्या खालच्या बाजूला जोडलेली, तिच्यावर आतल्या खऱ्या पाण्याचा भार. भरलेल्या नळीचा भार वजा खऱ्या पाण्याचा भार, एवढंच ट्रान्समीटरला कळतं. फरक कमी म्हणजे आत पाणी जास्त, असा हिशोब.

हा हिशोब एका गोष्टीवर टेकलेला आहे: रेफरन्स लेग भरलेली आहे आणि थंड आहे.

तात्या मिस्तरींनी दोन पारदर्शक नळ्या एका फळीवर उभ्या बसवून दिल्या, मीटर-मीटर उंचीच्या. खाली भंगारातून आणून दुरुस्त केलेला डीपी ट्रान्समीटर, दोन दाबांतला फरक मोजणारा. रेफरन्स लेग १००० मिलिमीटर भरली, दुसरी ४०० पर्यंत. मीटरवर ४००. मग रेफरन्स लेगला हीटिंग टेप गुंडाळली आणि ९० अंशांच्या आसपास नेली. वरून थेंब-थेंब पाणी घालून उंची तेवढीच राखली.

मीटर ४२८ वर गेलं. दुसऱ्या नळीत पाणी हललेलं नाही, पट्टीवर डोळ्यांनी ४०० दिसतंय.

३० अंशांच्या पाण्याची घनता घनमीटरला ९९५.७ किलो, ९० अंशांच्या पाण्याची ९६५.३. मीटरभर उंचीला तीस मिलिमीटरचा फरक यायला हवा. आमचा अठ्ठावीस आला, कारण नळीचं खालचं टोक तितकं तापलं नव्हतं. इतक्या साध्या सामानात हिशोब असा जुळला की माझाच जीव हरखतो.

मग खरं दाखवलं. टेप काढली आणि रेफरन्स लेगमधलं पाणी खालच्या कॉकने हळूहळू सोडलं, जसं उकळून आणि वाफ होऊन ते निघून जाईल तसं. ७०० वर आली, मीटर ७०० दाखवायला लागलं. दुसऱ्या नळीत ४०० च आहे. मग दुसरी नळीही सोडायला सांगितली. पारोळ्याच्या मुलीने कॉक उघडला, पाणी तळाला गेलं, नळी कोरडी पडली. रेफरन्स लेग तोवर २०० पर्यंत उतरवली होती. मीटरने काय दाखवलं? ८००.

कोरडी नळी, आणि मीटर म्हणतंय ऐंशी टक्के भरलेली. मुलगी मीटरकडे बघत राहिली आणि एकदम घरच्या बोलीत बोलली, "नाना, हाई त खोटं बोलस!"

खोटं बोलस, खरंच. आणि वरच्या बाजूला. पाणी कमी असताना जास्त दाखवतं, म्हणजे माणूस पाणी भरायचं थांबवेल अशा बाजूला. फळ्यावर पहिला बाण काढला, वर तोंड असलेला, लाल.

२४ एप्रिल. दुपारी ३, ४४ अंश

आज भांडण झालं, पण कामाचं.

तोच ट्रान्समीटर सकाळी आठला २९ अंशांना, दोन्ही बाजू मोकळ्या असताना, बरोबर ४.०० मिलिअँप दाखवत होता. दुपारी तीनला ४.०७. काहीही जोडलेलं नाही, फक्त पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो तापला. आतला तेलाचा भाग, डायफ्रॅम, सर्किट, सगळं थोडंथोडं फुगतं आणि सरकतं. वरणगावच्या मुलाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, झीरो करायला, म्हणजे आकडा पुन्हा ४.०० वर आणायला. मी हात धरला. त्याला राग आला. म्हणाला, "झीरो सरकला तर झीरो करायचा, हेच तर शिकवलंत."

मग त्यांना ती गोष्ट सांगितली. इथेही लिहून ठेवतो.

मी तिशीत असताना एका कारखान्यात होतो. गरम पाण्याची मोठी टाकी, तिच्या पातळीचा ट्रान्समीटर पश्चिमेच्या भिंतीला पत्र्याच्या पेटीत. मे महिना. दुपारी तीनच्या उन्हात पेटीला हात लावता येत नव्हता. झीरो वर सरकलेला दिसला, मी तिथेच उभा राहून झीरो केला, पेटी बंद केली आणि निघालो. कुठे नोंद केली नाही, तशी पद्धतच नव्हती. रात्री पेटी थंड झाली. दुपारी वर सरकलेला जो भाग मी काढून टाकला होता, तो आता खालच्या बाजूला चूक होऊन उभा राहिला. टाकी होती त्यापेक्षा मीटर कमी दाखवायला लागलं. ती टाकी काठोकाठ भरायची तिथे सवय. पहाटे चारला पाणी वरून आलं आणि खाली झोपलेल्या हेल्परच्या दोन्ही पायांवर पडलं. चौकशीत ऑपरेटरचं लक्ष नव्हतं असं लिहिलं गेलं. मी तोंड उघडलं तेव्हा कागद पुढे गेले होते. त्या हेल्परच्या पायांची कातडी मी पाहिली आहे.

तेव्हापासून वेळ आणि तापमान लिहिल्याशिवाय मी कुठल्याही स्क्रूला हात लावत नाही. तापलेल्या वेळी झीरो करणं म्हणजे चूक दुसऱ्या वेळेवर ढकलणं.

वरणगावच्या मुलाने काही न बोलता स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. सहाला पुन्हा रीडिंग घेतलं, ४.०५, ३९ अंश. रात्री नऊला ४.०२. त्याने स्वतःच तक्ता आखला.

१० मे, आखाजी. रात्री ९, ३६ अंश

मुलगी पारोळ्याला गेली, आखाजीला खानदेशात लेक घरी नसेल असं होत नाही. दुपारी आमरस-पुरणपोळी झाली, गल्लीत निंबाला झोके बांधले होते. शेड बंद. पण रात्री लाइट गेली आणि नवापूरचा मुलगा आला, म्हणून बसलो.

लाइट नाही तर लूप चालणार कसा? शेजारच्या गॅरेजमधून दोन बॅटऱ्या आणल्या, बारा-बारा व्होल्टच्या, एकापाठोपाठ जोडल्या, चोवीस व्होल्ट झाले आणि मीटर जिवंत झालं. तेव्हा त्याला जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचं सांगितलं.

११ मार्च २०११. भूकंप झाला, दुपारी साडेतीनच्या सुमारास त्सुनामीचं पाणी आत शिरलं, वीज गेली आणि कंट्रोल रूममधली मापकं विझली. तिथल्या माणसांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि अंधारात टॉर्च धरून पॅनेलच्या मागे जोडल्या. आत्ता आपण जोडल्या तशाच. रात्री ९ वाजून १९ मिनिटांनी पहिल्या संचाच्या पातळीचा आकडा मिळाला: पाणी इंधनाच्या माथ्यापेक्षा २०० मिलिमीटर वर. दहाच्या सुमारास ५५० मिलिमीटर वर.

त्या खोलीत काय वाटलं असेल, मी अनेकदा मनात आणून बघतो. सहा तास आंधळे होते, आणि मग आकडा मिळाला, तोही चांगला. पाणी माथ्याच्या वर आहे, उलट वाढतंय.

पाणी नव्हतं. भट्टीच्या बाहेरची जागा इतकी तापली होती की रेफरन्स लेगमधलं पाणी उकळून चाललं होतं. ती जशी रिकामी होत गेली तसा आकडा वर सरकला. आपल्या फळीवर एकवीस तारखेला ४०० चे ७०० झाले, अगदी तेच. पुढे आकडा उतरला, मग दिवसेंदिवस एकाच जागी थबकून राहिला. मे महिन्यात माणसं आत जाऊन मापक पुन्हा कॅलिब्रेट करू शकली, तेव्हा कळलं की पाणी इंधनाच्या जागेच्या तळाच्याही खाली गेलेलं आहे. इंधन केव्हाच वितळून उतरलं होतं.

मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे २०० चे ५५० झाले हीच खूण होती ना नाना? पाणी घातलं नाही तर वाढलं कुठून?"

हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्याने काढलं. आखाजीला याहून काय पाहिजे.

१३ मे

मतदान. शेड बंद, नोंद नाही.

१६ मे. संध्याकाळी ६, ४२ अंश

केबलचा प्रयोग. ट्रान्समीटर चांगला, मीटर चांगलं, पण मधली केबल आणि टर्मिनल स्ट्रिप, म्हणजे तारा स्क्रूने जोडायची पट्टी, वाफेत सापडली तर?

वरणगावच्या मुलाचं म्हणणं होतं की कुकरच्या झाकणाला भोक पाडून ग्लँड बसवू, १२० अंश मिळतील. मी नाही म्हणालो. भोक पाडलेला कुकर मी मुलांच्या शेजारी पेटवू देणार नाही. घरून आईचं जुनं इडलीपात्र आणलं. दाब नाही, पण वाफ भरपूर, ९९ अंश. झाकणाच्या फटीतून केबल आत. आतल्या ताटलीवर बेकलाइटची जुनी टर्मिनल स्ट्रिप, भंगारातली पीव्हीसी केबल, तिचं आवरण मुद्दाम दोन ठिकाणी चिरलेलं.

मेगर लावला, खूप मोठा रोध मोजायचं यंत्र. कोरडं असताना दोन तारांमधलं रोधन हजार मेगाओहमच्या वर, काटा हलेना. गॅस पेटवला. पाच मिनिटांत काटा यायला लागला. पंधरा मिनिटांनी मेगर काढून साधं मीटर लावावं लागलं: ४० किलोओहमच्या आसपास, सारखं नाचणारं. झाकण उचलून टॉर्चने बघितलं. केबलपेक्षा स्ट्रिपच जास्त दोषी. दोन स्क्रूंच्या मधल्या धुळकट पट्टीवर पाण्याचा पातळ थर, त्यात बारीक थेंब एकमेकांना भिडून रस्ता झालेला. वर्षानुवर्षांची धूळ आणि हाताचा घाम त्या पाण्यात विरघळलेला. वीज त्या ओल्या रस्त्याने सरळ चालत होती.

आता हिशोब. लूपमध्ये ट्रान्समीटरवर साधारण २० व्होल्ट. ४० किलोओहमच्या चोररस्त्याने अर्धा मिलिअँप जातो. हा प्रवाह ट्रान्समीटरने पाठवलेल्या प्रवाहात मिसळतो, कंट्रोल रूममधल्या मीटरला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. चार ते वीस या सोळाच्या स्पॅनमध्ये अर्धा म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं जास्त, वरच्या बाजूला.

आरटीडीचं उलट. ३०० अंशांना पीटी-१०० चा रोध २१२.०५ ओहम. तेवढा रोध लावून त्याला त्याच वाफेतल्या तारा जोडल्या. चोररस्ता शेजारून जोडला गेला की एकूण रोध कमी होतो. सव्वा ओहमच्या आसपास कमी आला, म्हणजे तीन अंशांहून थोडं जास्त, खालच्या बाजूला.

वाफ तीच, इडलीपात्रही तेच. तरी एक मीटर वर सरकलं आणि दुसरं खाली. फळ्यावर शेजारी-शेजारी दोन बाण काढले. तिघंही बराच वेळ त्या बाणांकडे बघत होते. मी काही बोललो नाही.

१९ मे. सकाळी १०, ३९ अंश

मुलगी परत आली ती वाफेचे तक्ते घेऊनच. त्या दोन बाणांचं पुढे काय होतं ते तिने काढलं होतं. तिची मांडणी जशीच्या तशी उतरवतो, कारण माझ्याकडून ती इतकी साफ झाली नसती.

आपल्याकडच्या २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत ३०६ आडव्या नळ्या असतात. नळीतून बाहेर पडणारं पाणी २९३ अंशांच्या आसपास, दाब चौरस सेंटिमीटरला ८७ किलोच्या आसपास. उदाहरणापुरतं साधं पाणी धरलं तर साडेआठ मेगापास्कल दाबाला ते २९९ अंशांना उकळतं. म्हणजे उकळण्यापासून सहा अंश दूर. हे अंतर किती, यावर ऑपरेटरचा सगळा भरवसा. अंतर संपलं की वाफ, वाफ झाली की इंधनावरून उष्णता नीट उचलली जात नाही.

आता अपघातात वाफ पसरली आणि दोन्ही लूप आपल्या इडलीपात्रासारखे भिजले असं धरा. दाबाचं मीटर तीन टक्के जास्त दाखवतं, म्हणजे शंभर किलोच्या स्केलवर तीन किलो. त्या खोट्या दाबाला उकळण्याचं तापमान अडीच अंशांनी वर. तापमानाचं मीटर तीन अंश कमी दाखवतं. एक चूक छत वर उचलते, दुसरी माणसाला बुटका करते. सहा अंशांचं अंतर कागदावर साडेअकरा होतं.

"नाना, दोघंही एकाच बाजूने फसवतात," ती म्हणाली. "धीर देण्याच्या बाजूने."

मी तिला सांगितलं की हे कोष्टक ज्या केबलवर उभं आहे ती भंगारातली आहे, ओळखून लिही. अणुवीज केंद्रात अपघाताच्या जागी अशी केबल, अशी उघडी स्ट्रिप चालत नाही. जे मापक अपघातातही चालायला हवं, त्याचा नमुना आधी ओव्हनमध्ये ठेवून म्हातारा करतात, चाळीस वर्षांची उष्णता काही आठवड्यांत देतात. मग गॅमा किरणांत ठेवतात. मग भूकंपासारखे हादरे देतात. आणि एवढं सगळं सोसलेल्या नमुन्यावर शेवटी दाबाची वाफ सोडतात, वर रसायनाच्या पाण्याचा फवारा. त्यात तो जेवढा चुकला तेवढी चूक धरून ट्रिपचा, म्हणजे भट्टी आपोआप बंद व्हायचा आकडा आधीच मागे घेतात. ही शिस्त कुणाच्या लहरीने आलेली नाही. थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर ती आणखी कडक झाली. ते पुढच्या रविवारी.

२६ मे. दुपारी ४, ४६ अंश

आठवडाभर लाट. रस्त्यावर चिटपाखरू नाही, केळीच्या बागांना बाजूने नेटची भिंत करूनही कडेची पानं भाजली असं सगळे सांगतात. पंख्याची हवा तोंडावर गरम लागते. ट्रान्समीटर आज ४.०९. झीरो केलेला नाही.

थर्मोकपलचा प्रयोग. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापला की मिलिव्होल्ट तयार होतात, त्यावरून तापमान कळतं. के जातीच्या दोन तारा, काचधाग्याचं आवरण, टोक पिळून बर्फात. मीटर शून्य. मग तात्यांनी ब्लो-लॅम्प घेतला आणि टोकापासून फूटभर अलीकडे, मधल्या तारांवर जाळ धरला. आवरण काळं पडलं, मग लाल, मग उसवलं, आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. मीटर एकदम ६०० च्या वर. बर्फातलं टोक अजून बर्फातच. जाळ काढला, तारा गार होऊ दिल्या. मीटर शून्यावर परत आलं का? नाही. ४६ वर थांबलं. आता ते शेडचं तापमान सांगत होतं, बर्फाचं नाही. सांधा जागा बदलून बसला होता. तार तुटली नाही, मीटर बंद पडलं नाही, आकडाही अगदी पटण्यासारखा.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या संचात हे घडलं. एक झडप उघडी अडकली होती आणि पाणी निघून चाललं होतं. पॅनेलवरचा दिवा झडप बंद असल्यासारखा विझलेला. तो दिवा झडपेला दिलेला हुकूम दाखवत होता, झडप नव्हे. प्रेशरायझर या दाब राखणाऱ्या टाकीतली पातळी भरलेली दिसत होती म्हणून माणसांनी पाणी कमी केलं. भट्टीच्या माथ्यावर ५२ थर्मोकपल होते. कॉम्प्युटर ७०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३७१ अंशांच्या वर आकडा छापायचा नाही, प्रश्नचिन्हं छापायचा. सकाळी प्रश्नचिन्हं यायला लागली.

तेव्हा इन्स्ट्रुमेंटचे लोक कंट्रोल रूमच्या खाली गेले, केबल सोडवून हाताने मिलिव्होल्ट मोजले. काही आकडे २००० फॅरनहाइटच्याही वर, पंचेचाळीस मिलिव्होल्टच्या आसपास. काही मात्र अगदी कमी. कमी आकडे नक्कीच चुकीचे, मग जास्त आकडेही चुकीचेच असणार, असं समजून ते बाजूला ठेवले गेले. जास्त आकडे खरे होते. कमी आकडे वितळून सांधा बदललेल्या तारांचे. पुढे भट्टी उघडली तेव्हा निम्म्याच्या आसपास गाभा वितळलेला निघाला.

मी हे सांगताना माझा आवाज चढला. त्या खालच्या खोलीत हातात मीटर घेऊन उभा असलेला माणूस माझ्या धंद्याचा आहे. त्याने बरोबर मोजलं होतं. त्याच्या आकड्यांत दोन जातींच्या चुका मिसळल्या होत्या, आणि कुठली चूक कोणत्या बाजूला जाते हे त्या सकाळी कुणी वेगळं काढलं नाही. वितळलेला थर्मोकपल कमी दाखवू शकतो. चांगला थर्मोकपल आपसूक पंचेचाळीस मिलिव्होल्ट तयार करत नाही, त्याला तेवढी आगच लागते.

नवापूरच्या मुलाने विचारलं, मी तिथे असतो तर काय करायचं? मी म्हणालो, आकड्यासोबत बाण लिहून द्यायचा. हा आकडा चुकला असेल तर कुठल्या बाजूला चुकला असेल, ते. आणि तो कागद हातात देऊन यायचं, टेबलावर ठेवून नाही.

२ जून. सकाळी ७, ३३ अंश

टेबल रंगवलं. आकाशी. चार प्रयोगांसमोर चार पाट्या, प्रत्येकीवर बाण. रेफरन्स लेग वर. दाबाचा लूप वर. आरटीडी खाली. थर्मोकपलला दोन बाण, कारण तारा कुठे चिकटतात त्यावर ते ठरतं. तात्यांनी विचारलं, दोन बाण काढले तर मुलं गोंधळणार नाहीत का? गोंधळू द्या म्हणालो, खरं तेच आहे.

पहिली तुकडी आली, आयटीआयची बारा मुलं. एकाने रेफरन्स लेगची पाटी न वाचताच कॉक उघडला, दुसरी नळी रिकामी केली आणि मीटर ८०० दाखवत असताना मागे वळून म्हणाला, "भरलेली आहे." पारोळ्याची मुलगी त्याला काही बोलली नाही. तिने फक्त त्याचा हात धरून कोरड्या नळीवर ठेवला.

९ जून. संध्याकाळी ७, २९ अंश

दुपारी वळिवाचा पाऊस झाला. पत्र्यावर असा वाजत होता की बोलणं ऐकू येईना. शेड दोन तासांत तेरा अंशांनी उतरली. वरणगावच्या मुलाने कुणी न सांगता ट्रान्समीटरचं रीडिंग घेतलं. ४.०० मिलिअँप. दोन महिने स्क्रूला हात लावलेला नाही.

बाकी कामं: रेफरन्स लेगच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वेगळे थर्मामीटर लावणे, म्हणजे ते दोन मिलिमीटर कुठे गेले ते कळेल. इडलीपात्रात स्वच्छ धुतलेली नवी स्ट्रिप ठेवून रोधन पुन्हा घेणे. आईला नवं इडलीपात्र आणणे.